गुलमर्गचा बर्फ इंदुरात बसून कसा ओळखावा

आपला प्रश्न असा आहे: इंदूरहून आपण सहा जण, त्यांत अकरा आणि चौदा वर्षांची दोन मुले आणि अडुसष्ट वर्षांचे वडील, १८ ते २२ जानेवारी अशा चार रात्रींसाठी गुलमर्गला जाणार आहात आणि मुलांना तेथे स्कीइंगचे पहिले धडे मिळावेत अशी आपली इच्छा आहे. मोबाइलवरील ॲपमध्ये त्या आठवड्यासाठी ‘४० सेंटिमीटर बर्फ’ दिसतो आहे. त्यावर विसंबून विमानाची तिकिटे काढावीत का, तो बर्फ शिकणाऱ्यांच्या उपयोगाचा असेल का, आणि हिमस्खलनाच्या बातम्यांमुळे घरी जी धास्ती आहे तिच्यात कितपत तथ्य आहे, असे तीन मुद्दे आपण विचारले आहेत.

गेली बावीस वर्षे मी इंदूर आणि महूच्या विद्यार्थ्यांचे गट हिवाळ्यात गुलमर्गला आणि अधूनमधून उत्तराखंडातील औलीला घेऊन जात आले आहे. इतक्या वर्षांत एक मत पक्के झाले आहे. बर्फ किती पडला हा अर्धाच प्रश्न आहे. पडल्यानंतर वाऱ्याने, उन्हाने आणि रात्रीच्या थंडीने त्याचे काय केले, हा उरलेला अर्धा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे आणि तो फारसे कोणी विचारत नाही. मुले पहिल्या दिवशी हसत शिकतील की रडत परत येतील, हे बहुतेक वेळा त्या दुसऱ्या अर्ध्यावर ठरते.

प्रथम त्या ४० सेंटिमीटरविषयी. ॲपमागील संगणकीय प्रारूप पृथ्वीचे चौकोन पाडून गणित करते. जगातील उत्तम प्रारूपांपैकी एक, युरोपीय हवामान केंद्राचे, साधारण ९ किलोमीटरचा चौकोन धरते. गुलमर्गभोवती एवढ्या अंतरात खालच्या तंगमर्ग गावाच्या सफरचंदाच्या बागाही येतात आणि अफरवट डोंगराचा जवळजवळ ४,००० मीटर उंचीचा खांदाही येतो. या सगळ्याची सरासरी उंची धरून निघालेला आकडा आपल्या मुलांच्या उतारावर जसाच्या तसा उतरेल अशी अपेक्षा ठेवता येत नाही. शिवाय पुष्कळ ॲप पावसाच्या एका मिलिमीटरला एक सेंटिमीटर बर्फ असा ढोबळ हिशेब लावतात. हवा उबदार असेल तर तेवढ्याच पाण्याचा ओला, जड आणि उंचीने कमी बर्फ पडतो. कडाक्याची थंडी असेल तर तोच हलका होऊन दीडपट फुगतो, आणि दोन-तीन दिवसांत स्वतःच्या वजनाने दबून बसतो. तिसरी गोष्ट मुदतीची. पाच ते सात दिवस आधी ‘काहीतरी येत आहे’ एवढे विश्वासाने सांगता येते. त्याचा जोर किती असेल हे दोन-तीन दिवस आधीच समजते. तीन आठवडे आधी दिसणाऱ्या बर्फाच्या आकड्यावर तिकिटे काढू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे ‘काहीतरी’ म्हणजे पश्चिमी विक्षोभ. भूमध्य समुद्र, काळा समुद्र आणि कॅस्पियन समुद्र यांच्या परिसरात जन्मलेले हे कमी दाबाचे पट्टे वरच्या थरातील वेगवान पश्चिमी वाऱ्यावर स्वार होऊन इराण आणि अफगाणिस्तान ओलांडून येतात. वाटेत आणि शेवटी अरबी समुद्राकडूनही त्यांना ओलावा मिळतो. पीर पंजाल पर्वतरांगेची भिंत आडवी आली की ती हवा वर चढते, थंड होते आणि तिच्यातील पाणी बर्फ होऊन खाली येते. हिवाळ्यात महिन्याला असे साधारण चार ते सहा विक्षोभ येतात, पण त्यांतले एक-दोनच खरे जोरदार असतात. बाकीचे ढग दाखवून पुढे सरकतात.

मालव्यात राहणाऱ्याला हे नवे नाही, कारण आपला मावठा बहुतेक वेळा याच विक्षोभांच्या प्रभावाने पडतो. पौषात दोन दिवस आभाळ भरून येते, रात्रीचा गारठा अचानक कमी होतो, हरभरा-गव्हावर पाऊस पडतो, आणि आभाळ मोकळे होताच उत्तरेचा वारा सुटून थंडी कडाडते. हा क्रम आपण लहानपणापासून पाहिला आहे. पीर पंजालमध्ये हाच क्रम बर्फाच्या रूपात, आणि बहुधा एक-दोन दिवस आधी, घडून गेलेला असतो. मी निघण्याच्या आठवड्यात हवामान खात्याची इन्सॅट उपग्रहाची चित्रे रोज पाहते. इराणवरून अफगाणिस्तानकडे सरकणारा ढगांचा लांब, वाकडा पट्टा दिसला की काश्मीरसाठी दोन दिवस हाताशी आहेत असे समजते. श्रीनगर येथील हवामान केंद्राचे निवेदन त्यासोबत वाचावे. डोंगराची ओळख असलेल्या माणसांनी ते लिहिलेले असते आणि ॲपच्या चिन्हापेक्षा ते पुष्कळ अधिक सांगते.

आता उंची आणि तापमान. श्रीनगर सुमारे १,५८५ मीटरवर आहे, गुलमर्गचे कुरण सुमारे २,६५० मीटरवर, गंडोलाच्या, म्हणजे तारेवरून वर नेणाऱ्या पाळण्यांच्या, पहिल्या टप्प्याचे कोंगदूरी स्थानक सुमारे ३,१०० मीटरवर आणि दुसऱ्या टप्प्याचे वरचे स्थानक ३,९५० मीटरच्या आसपास. वादळी, ढगाळ हवेत प्रत्येक १,००० मीटरला साधारण साडेसहा अंश तापमान उतरते. म्हणजे श्रीनगरला ३ अंश असताना पाऊस पडत असेल, तर गुलमर्गला उणे ४ च्या जवळ आणि वरच्या स्थानकाला उणे १२ च्या जवळ असेल, आणि दोन्ही ठिकाणी बर्फच पडेल. श्रीनगरला ९ अंश असतील, तर मात्र गुलमर्गच्या कुरणावर पाणीमिश्रित बर्फ पडण्याची शक्यता असते, आणि असा बर्फ रात्री गोठला की सकाळी काचेसारखा होतो. अंदाजात ‘गोठणरेषेची उंची’, म्हणजे तापमान शून्य अंशावर येते ती उंची, दिलेली असेल तर बर्फाच्या सेंटिमीटरआधी ती पाहावी. गोठणरेषेच्या खाली दोन-तीनशे मीटरपर्यंतही बर्फ पडतो, त्याखाली पाऊस.

येथे एक खाच आहे, आणि नवख्या माणसाची गफलत हमखास तिथेच होते. हा हिशेब वादळी दिवसांचा आहे. चिल्लई कलान, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे चाळीस कडाक्याचे दिवस, यांत आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की थंड, जड हवा काश्मीरच्या खोऱ्यात जाऊन साचते. श्रीनगर धुक्याखाली गारठलेले असते, नळ गोठतात, पागोळ्यांना बर्फाचे सुळे लोंबतात, आणि त्याच दुपारी गुलमर्गला लख्ख ऊन असून हवा श्रीनगरपेक्षा उबदार असते. श्रीनगर गोठले म्हणून गुलमर्गचा बर्फ छान राहिला असेल असा निष्कर्ष या दिवसांत काढला तर तो चुकतो; वर दुपारी उन्हाने बर्फ वितळत असतो आणि रात्री पुन्हा गोठत असतो. गुलमर्ग ३४ अक्षांशावर आहे, तर आल्प्स पर्वत ४६ च्या आसपास. जानेवारीच्या मध्यान्ही गुलमर्गला सूर्य क्षितिजापासून सुमारे ३६ अंश वर असतो, आल्प्समध्ये सुमारे २४. म्हणून परदेशी पुस्तकांत वाचलेले बर्फाचे आयुष्य आपल्याकडे, विशेषतः दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारांवर, लागू पडत नाही. गुलमर्गचे सुदैव असे की अफरवटचे मुख्य उतार उत्तर आणि ईशान्येकडे पाहतात, त्यामुळे तेथील बर्फ अधिक टिकतो.

एका जोरदार विक्षोभाचे चक्र कसे चालते ते सांगते, म्हणजे आपल्या चार दिवसांपैकी कोणता दिवस कशासाठी, हे ठरवता येईल. पहिली खूण आकाशात दिसते. पिसाऱ्यासारखे उंच ढग पसरतात आणि सूर्याला किंवा चंद्राला खळे पडते. त्या रात्री थंडी कमी होते, आणि पाहुणे मंडळी खुश होतात. जुना काश्मिरी माणूस मात्र अंगरख्यासारख्या फेरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी सरकवून ‘शीन येणार’ म्हणतो. शीन म्हणजे बर्फ. दुसऱ्या दिवशी वारा वाढतो, आणि गंडोलाचा दुसरा टप्पा बर्फ पडण्याच्या आधीच, केवळ वाऱ्यामुळे, बंद होतो. मग एक ते तीन दिवस हिमवृष्टी. या काळात पुढचा माणूस दिसत नाही, आकाश आणि जमीन एकाच पांढऱ्या रंगात मिसळतात, आणि शिकणाऱ्याला आपण सरकत आहोत की उभे आहोत हेही कळत नाही. मुलांना अशा दिवशी उतारावर नेऊ नये; कुरणावर घरांजवळ बर्फात खेळू द्यावे. त्यानंतर आभाळ फाटते, वायव्येचा कोरडा वारा येतो, रात्रीचा पारा उणे दहाच्या खाली जातो आणि सकाळी सगळे डोंगर स्वच्छ निळ्या आभाळाखाली उभे राहतात.

हीच सकाळ सर्वांत मोहक आणि सर्वांत धोकादायक असते. मुलांच्या, यंत्राने दाबून सपाट केलेल्या उतारांसाठी ही सकाळ आणि तिच्यानंतरचे दोन दिवस म्हणजे सोने आहे. बर्फ मऊ असतो, पडले तरी लागत नाही, स्कीची कड सहज रुतते. पण वरच्या मोकळ्या, न दाबलेल्या उतारांवर हिमस्खलनाचा धोका त्याच चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत सर्वाधिक असतो, कारण नव्या थराचे ओझे जुन्या थरांवर नुकतेच पडलेले असते आणि दोघांची सांधणी अजून झालेली नसते. निळे आभाळ पाहून माणसाला वाटते की संकट गेले. डोंगराच्या हिशेबात ते तेव्हा कुठे सुरू झालेले असते.

वाऱ्याचा धडा मला एका मुलीच्या मोडलेल्या मनगटाने शिकवला. काही वर्षांपूर्वी चौदा महाविद्यालयीन मुलांना घेऊन मी गेले होते. तीन दिवसांपूर्वी भरपूर बर्फ पडल्याची पक्की बातमी होती, आणि मी ती बातमी पुरेशी मानली. मधल्या दोन रात्री वर जोराचा वारा वाहिला होता, हे गंडोला बंद होता या वृत्तावरून मला कळायला हवे होते. मी ते विचारलेच नाही. कोंगदूरीच्या एका उघड्या उंचवट्यावर आम्ही पोचलो तेव्हा नवा बर्फ तेथून खरवडून गेला होता आणि खाली जुना, निळसर, टणक थर चकाकत होता. मी थांबा म्हणेपर्यंत दुसरी-तिसरी मुलगी सरकली होती. तिच्या स्कीच्या कडा त्यावर धरल्याच नाहीत. तीस पावलांवर, उंचवट्याच्या आडोशाला, तोच उडालेला बर्फ कंबरभर साचला होता. एकाच उतारावर, एकाच दिवशी, एका बाजूला काच आणि दुसऱ्या बाजूला दलदल. चूक माझी होती, आणि तेव्हापासून बर्फ किती पडला हे विचारण्याआधी नंतर वारा किती होता, हे मी विचारते. आडोशाला साचलेला तो वाऱ्याचा थर पायाखाली डफासारखा पोकळ वाजत असेल, तर त्यावर अजिबात जाऊ नये. वर घट्ट आणि खाली भुसभुशीत अशी ती फळी असते आणि ती अखंड सुटते.

खालचा भुसभुशीत थर कसा तयार होतो, हे मला गुलमर्गच्या एका वयोवृद्ध प्रशिक्षकांनी खड्डा खणून दाखवले. आम्ही त्यांना उस्ताद म्हणत असू. त्यांनी फावड्याने छातीइतका खोल, सरळ भिंतीचा खड्डा खणला आणि हातमोजा घातलेला हात भिंतीवर वरून खाली दाबत आणला. वरच्या वीतभर भागात त्यांची अख्खी मूठ आत गेली. त्याखाली चार बोटे, मग एकच बोट, आणि एका पातळ पट्टीत बोटही जाईना, पेन्सिल टोचावी लागली. तो मागच्या पंधरवड्यातील उन्हाने वितळून गोठलेला पापुद्रा होता. आणि अगदी तळाशी, जमिनीपासून वीतभर, हात लावताच भिंत ओघळू लागली. त्यांनी ते दाणे माझ्या काळ्या हातमोज्यावर ठेवले. साखरेच्या जाड दाण्यांएवढे, कडेला बारीक रेषा असलेले, पेल्यासारखे पोकळ स्फटिक होते ते. एकमेकांना न चिकटणारे, मुठीत धरून गोळा करू पाहावे तर बोटांतून गळून जाणारे. वरचा सगळा बर्फ या सुट्या दाण्यांवर उभा होता.

याचे गणित साधे आहे आणि ते समजले की हंगामच उलगडतो. बर्फाखालची जमीन शून्य अंशाच्या आसपास राहते. वर रात्री उणे १२ असेल आणि बर्फ केवळ ४० सेंटिमीटर असेल, तर दर १० सेंटिमीटरला ३ अंशांचा फरक पडतो. हा फरक १० सेंटिमीटरला १ अंशाहून अधिक झाला की बर्फातील वाफ खालून वर सरकू लागते आणि गोल दाणे जाऊन हे टोकदार, सुटे स्फटिक वाढतात. तोच बर्फ दोन मीटर असेल तर फरक १० सेंटिमीटरला ०.६ अंश राहतो आणि थर उलट घट्ट होत जातात. म्हणजे डिसेंबरमध्ये थोडासा बर्फ पडून पुढे तीन आठवडे निरभ्र, कडक थंडीचे गेले, की तळ कुजतो. आणि मग फेब्रुवारीत मोठी हिमवृष्टी झाली की ती या कुजक्या पायावर येऊन पडते. ‘यंदा बर्फ उशिरा आला, पण भरपूर आला’ ही बातमी पर्यटकाला आनंदाची वाटते. मला तिच्यात धोका दिसतो.

या संदर्भात घरच्यांच्या भीतीविषयी. ती निराधार नाही. ८ फेब्रुवारी २०१० रोजी गुलमर्गच्या वरच्या खिलनमर्ग भागात प्रशिक्षण घेणाऱ्या लष्कराच्या १७ जवानांचा हिमस्खलनाने बळी घेतला. २०२३ च्या फेब्रुवारीत अफरवटच्या उतारांवर दोन पोलिश स्कीपटू आणि २०२४ च्या फेब्रुवारीत खिलनमर्गच्या बाजूला एक रशियन स्कीपटू असेच गेले. तिन्ही घटना फेब्रुवारीतील आणि जोरदार हिमवृष्टीच्या काळातील आहेत, हे लक्षात घ्यावे. फळीसारखे सुटणारे हिमस्खलन बहुतेक वेळा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होते, आणि अडकणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत ते स्वतः त्यांच्या किंवा त्यांच्या सोबत्यांच्या वजनानेच सुटलेले असते. गाडलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढले तर वाचण्याची शक्यता चांगली असते, त्यानंतर ती फार झपाट्याने घटते. म्हणून अशा उतारांवर जाणारा प्रत्येक जण अंगावर गाडले गेल्यास ठिकाण कळवणारे संदेशयंत्र आणि पाठीवर शोधकाठी व फावडे बाळगतो.

आपली मुले मात्र या उतारांवर जाणारच नाहीत. पहिले धडे कुरणावरच्या आणि गंडोलाच्या तळाजवळच्या दहा-बारा अंशांच्या उतारांवर होतात, आणि तेथे त्या प्रकारचे हिमस्खलन सुरू होत नाही. दोन पथ्ये पाळावीत: वरून एखादा तीव्र, मोकळा उतार थेट आपल्या उतारावर उतरत असेल तर त्याच्या पायथ्याशी रेंगाळू नये, आणि कोंगदूरीवरून हद्द दाखवणाऱ्या दोरखंडाच्या पलीकडे ‘थोडेसेच’ म्हणून कोणी नेत असेल तर ठाम नकार द्यावा. संरक्षण संशोधन संस्थेच्या चंदीगड येथील केंद्राकडून हिमस्खलनाचा इशारा जिल्हावार दिला जातो. त्यात बारामुल्ला जिल्हा पाहावा, कारण गुलमर्ग त्यातच येते.

मुलांसाठी दिवसाची कोणती वेळ, हेही बर्फावरच ठरते. जानेवारीत सकाळी नऊला दाबलेला उतार टणक असतो. शिकणाऱ्याला त्यावर थांबता येत नाही आणि पहिल्या तासातच मन खचते. साडेदहा-अकरानंतर वरचा बोटभर थर मऊ होतो. दोनपर्यंतचा वेळ उत्तम. तीननंतर सूर्य कड्याआड गेला की पंधरा मिनिटांत पृष्ठभाग पुन्हा कडक होऊ लागतो, पाय थकलेले असतात, आणि माझ्या अनुभवात सर्वाधिक पडझड याच वेळेत होते. मार्चमध्ये हे घड्याळ बदलते: रात्री गोठलेला, दिवसा सुटणारा बर्फ भरड रव्यासारखा होतो, तो सकाळी दहा ते बारा फार सुंदर असतो आणि दुपारनंतर पाणी धरून जड होतो. साबुदाण्यासारखे पांढरे, गोल दाणे पडताना दिसले तर मुलांना जरूर दाखवा. ते बर्फाच्या स्फटिकावर ढगातील पाणी गोठून तयार झालेले असतात आणि हातावर उड्या मारतात. पोचल्याबरोबर एक सोपी परीक्षा करा. हातमोज्याने बर्फाचा गोळा करून पाहा. गोळा होतच नसेल तर बर्फ कोरडा आणि थंड आहे. सहज झाला तर ओलावा आहे. पिळल्यावर पाणी गळले तर त्या दिवशी मुलांचे गुडघे जपावेत, कारण ओल्या बर्फात स्की अडकते आणि पाय पिळवटतो.

वडिलांना पहिल्या टप्प्यापर्यंत न्यावे, तेही पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी. दुसऱ्या टप्प्याच्या वरच्या स्थानकावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६२ टक्के असतो आणि आपण साडेपाचशे मीटरच्या पठारावरून येतो. रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तेथे जाऊ नये. वाऱ्याचाही विचार करावा. उणे १० अंशांत ताशी ४० किलोमीटर वारा असेल तर उघड्या त्वचेला उणे २१ सारखी थंडी जाणवते. कान, नाक आणि बोटे आधी बधिर होतात. आणि ढगाळ दिवशीसुद्धा सर्वांनी गडद चष्मा लावावा. ताजा बर्फ पडलेल्या प्रकाशाचा चार-पंचमांश भाग परत फेकतो, अतिनील किरणांची तीव्रता उंचीबरोबर वाढते, आणि डोळ्यांत वाळू गेल्यासारखी रात्रभर आग होणारी मुले मी पाहिली आहेत.

आता तारखा. १८ ते २२ जानेवारी हा काळ पंचांगाप्रमाणे भर हिवाळ्याचा असला तरी अलीकडे बेभरवशाचा झाला आहे. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गची कुरणे जवळजवळ महिनाभर उघडी, तपकिरी होती आणि बर्फ महिनाअखेरीस आला. २०२५ मध्ये फेब्रुवारीतील खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी पुढे ढकलून मार्चमध्ये घ्याव्या लागल्या. म्हणजे फेब्रुवारीचीही पूर्ण खात्री नाही. मुलांच्या परीक्षांची अडचण मला माहीत आहे, तरी शक्य असेल तर फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा धरावा. तारखा बदलणे शक्य नसेल तर चार रात्रींऐवजी सात रात्री ठेवाव्यात. विक्षोभ साधारण पाच-सात दिवसांच्या अंतराने येतात, त्यामुळे सात दिवसांत एक वादळ आणि त्यानंतरचे दोन चांगले दिवस हाती लागण्याची शक्यता वाढते. चार दिवसांत आपण नेमके वादळाच्या पोटात किंवा कोरड्या खंडात सापडू शकता. औलीचा पर्याय आपण विचारला नाही, पण कोणीतरी सुचवील: तेथे कृत्रिम बर्फाची यंत्रणा बसवलेली आहे, परंतु अशी यंत्रे हवा कोरडी आणि पुरेशी थंड, म्हणजे ओल्या फडक्याने मोजलेले तापमान उणे २ च्या खाली, असतानाच उपयोगी पडतात, आणि पश्चिमी विक्षोभांचा जोरही तेथपर्यंत पोचताना कमी झालेला असतो.

प्रवासातही हवामानच मध्ये येते. जानेवारीत दिल्लीच्या धुक्यामुळे आणि श्रीनगरच्या बर्फामुळे विमाने रखडतात, म्हणून परतीच्या प्रवासात एक दिवस मोकळा ठेवावा. मालवा एक्स्प्रेस इंदूरहून कटऱ्यापर्यंत जाते, आणि जून २०२५ पासून कटऱ्याहून श्रीनगरला रेल्वेने जाता येते. विमाने बंद असताना ही वाट लक्षात असावी. तंगमर्ग ते गुलमर्ग हे शेवटचे १३ किलोमीटर ताज्या बर्फात चाकांना साखळ्या लावलेल्या गाडीनेच करावे लागतात.

तिकिटे काढण्यापूर्वी नव्हे, तर निघण्याच्या तीन दिवस आधी ज्या ठिकाणी उतरणार आहात तेथे फोन करा. ‘बर्फ आहे का’ असे विचारू नका; त्याचे उत्तर नेहमी ‘आहे’ असेच येते. शेवटचा बर्फ कोणत्या दिवशी पडला, त्यानंतर दुसरा टप्पा किती दिवस बंद होता, आणि आज सकाळी तंगमर्गहून गाड्या साखळ्या लावून वर आल्या की साध्याच आल्या, हे तीन प्रश्न विचारा. उत्तरे मला कळवलीत तर मुलांना पहिल्या दिवशी कुरणावर ठेवायचे की कोंगदूरीला न्यायचे, हे मी आपल्याला त्याच संध्याकाळी सांगेन.